दाताचं इंजेक्शन फुप्फुसाला?

प्रश्न : दीर न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर आहेत. पुतण्या म्हणतो, दात काढताना देतात त्या बधिरतेच्या इंजेक्शनने फुप्फुसाची सूज उतरते. डॉक्टरांकडे आग्रह धरू का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, पुतण्याचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. औषधाचं नाव लिग्नोकेन, १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेलं. नाशकात तीस वर्षं भूल देताना मी ते रोज हाताळलं. नसांतले सोडियमचे मार्ग ते अडवतं, म्हणून कळ मेंदूपर्यंत पोचत नाही. शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा धुडगूसही काहीसा आवरतं. गंभीर न्यूमोनियात या पेशी गोदेच्या पुरासारख्या फुप्फुसात घुसून सूज वाढवतात; नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत चढलेलं पाणी तुम्ही पाहिलं असेलच! त्यामुळेच कोविडकाळात लिग्नोकेन शिरेतून देण्याचे प्रयोग झाले. पण नेहमीच्या उपचारात ते नाही.

मात्रा वाढली की ओठांना मुंग्या, कानात गुणगुण, मग झटके, हृदयाचे ठोके बिघडणं. व्हेंटिलेटरवर झोपवलेला माणूस मुंग्या आल्या हे सांगणार कसा? लिव्हर थकलेलं असेल तर औषध साचतं. आग्रह नको. त्यापेक्षा विचारा, फुप्फुसाला प्राणवायू नीट मिळावा म्हणून दिरांना पालथं झोपवण्याची गरज आहे का?