स्ट्रॉबेरी आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे का होतात?

भिलारहून आणलेली ताजी स्ट्रॉबेरी, म्हशीचं दूध, रंग-इसेन्स काही नाही, तरी साताऱ्यात घरी केलेलं आइस्क्रीम खडेदार का झालं, असं तुम्ही विचारलंय. तुमचं दूधही चांगलं आणि फळही. नडलंय ते पाणी. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तुम्ही ती कच्चीच वाटून घातलीत, म्हणजे दूध आटवून जे कमावलं ते फळानं घालवलं.

आधी फळ आटवा. अर्धा किलो स्ट्रॉबेरीचे तुकडे १०० ग्रॅम साखरेत तासभर मुरवा, मग स्टीलच्या पसरट भांड्यात मध्यम आचेवर सुमारे ३०० ग्रॅम उरेपर्यंत शिजवा. लोखंडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची कढई नको, रंग काळपट होतो. उतरवताना अर्धा चमचा लिंबू पिळा, लाली टिकते. हा गर पूर्ण गार करा. फळ आंबट असतं, गरम दुधात घातलं की दूध फाटलंच म्हणून समजा. अख्खे तुकडे हवे असतील तर तेही असेच साखरेत मुरलेले घ्या, नाहीतर दाताखाली गारगोट्या येतात.

दूध १ लिटर, आटवून पाऊण लिटर. १२० ग्रॅम साखरेत ४० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आणि ३ ग्रॅम गवार गम (गवारीच्या बियांची पूड) कोरडंच मिसळून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ते कोमट दुधात घोटा, एक उकळी द्या. गार झाल्यावर २५ टक्के फॅटचं २०० ग्रॅम क्रीम घाला. पावडर वाढवण्याचा मोह टाळा, लॅक्टोजचे, म्हणजे दुधातल्या साखरेचे, कण होऊन वाळू खाल्ल्यासारखं लागतं. साखरही कापू नका. तिच्यामुळेच सगळं पाणी गोठत नाही, ती कमी झाली की आइस्क्रीम विटेसारखं घट्ट होतं.

आता बहुतेक जण गाळतात ती पायरी: हे मिश्रण फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. स्निग्धांश घट्ट होतो, प्रथिनं आणि गम पाणी धरतात, हवा नीट भरते. सकाळी गर मिसळा.

गोठणं जितकं झपाट्यानं, तितके बर्फाचे कण बारीक. म्हणून खोल डबा नको, उथळ स्टीलचा ट्रे आधी गार करून घ्या. कडा गोठल्या की मिक्सरमधून थोडंसंच फिरवा, असं तीनदा. जास्त फिरवलंत किंवा मिश्रण गार नसेल तर लोणी सुटतं आणि जिभेवर तुपकट थर बसतो. हातानं फिरवायचा पॉट असेल तर उत्तमच, कारण कडांवर गोठलेला थर सतत खरवडला जातो. पॉटभोवती चार भाग बर्फाला एक भाग खडे मीठ पुरतं. सुरुवातीलाच मीठ जास्त टाकलं तर कडेला दगड आणि मध्ये पातळ दूध, अशी गत होते.

शेवटी पृष्ठभागाला चिकटवून प्लास्टिक लावा आणि डबा फ्रीजरच्या तळाशी, मागे ठेवा. लाइट जाऊन थोडं वितळलं की पुन्हा गोठताना कण मोठे होतात. तसं झालं तर मिक्सरमधून काढून मिल्कशेक करून टाका.