टीबीचं औषध गरम असतं म्हणून अंडी-डाळ बंद करावी का?

तुम्ही विचारलंय की बाबांना टीबी झालाय, वजन ४१ किलो आहे, आणि औषध गरम असतं म्हणून घरातली मोठी माणसं अंडी, तुरीची डाळ, दही बंद करा म्हणतात. बंद करू नका, भाऊ. आजपासून वाढवा. आमच्या घरी हेच होऊन गेलंय, म्हणून लिहितो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कोरडवाहू कापूस-तूरवाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये आईला टीबी निघाला तेव्हा ती ३६ किलोची होती. रोज तीन गोळ्या. या गोळ्या वजनावरच ठरतात: २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. म्हणून दर महिन्याला वजन करायचंच असतं. आईच्या टीबीच्या उपचार-कार्डावर मात्र दोन महिने वजन न करताच ३६ लिहिलं जात होतं. जानेवारीत व्यापारी गावात कापूस मोजायला आला, तेव्हा त्याच्या काट्यावर आईला बसवलं. साडेपस्तीस भरली. औषधाचा एक दिवसही चुकला नव्हता.

मी रोज दोन अंडी आणून देत होतो. ती नातवांच्या ताटात जात होती. "लेकराइले दे, मले भूक नाही," एवढंच म्हणायची. कोणत्या आईच्या गळ्याखाली एकटीने अंडं उतरेल?

नेमकी तेव्हा तूर खळ्यावर आली होती. दरवर्षी आम्ही सगळी तूर बाजार समितीत घालतो आणि वर्षभर दुकानातून पावशेर-पावशेर डाळ आणतो. त्या वर्षी पाऊण क्विंटल ठेवून घेतली, डाळ करून आणली आणि सगळ्यांसाठीच घट्ट वरण शिजायला लागलं. सगळ्यांच्या ताटात आलं तेव्हा आईही जेवायला लागली. सोबत शेंगदाणा-गूळ, ज्वारीची भाकर, जवसाच्या चटणीवर तेल. टीबीच्या रुग्णाला तेव्हा सरकारकडून महिन्याला ५०० रुपये खात्यात येत, त्यातून अंडी. (नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झालेत. बाबांचं पासबुक जमा केलं नसेल तर करा.) मे महिन्यात औषध संपलं तेव्हा आई ४१ किलो होती.

हे फक्त आमच्या घरचं नाही. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना शिधा देऊन मोठा अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. तुमच्या बाबांसाठी ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो. आणि घरच्या माणसांना महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या, त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. दीड किलो तूरडाळ! ती आपल्याच धुऱ्यात उभी असते.

बाबा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असतील तर तो सुटला पाहिजे, भूक त्यानेच मरते. दारू पूर्ण बंद, या गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबत नसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लघवी नारिंगी होते, ती औषधानेच, घाबरू नका. साखर तपासून घ्या. साखर असेल तर गूळ आणि भात किती द्यायचा ते डॉक्टरांना विचारा, डाळ-अंडी तरीही चालू ठेवा.

आणि आज बाबांचं कार्ड हातात घेऊन बघा. सगळ्या रकान्यांत तोच आकडा असेल, तर उद्याच त्यांना काट्यावर उभं करा.