साताऱ्याच्या चढ-उतारावर आईसाठी बॅटरीची व्हीलचेअर चालेल का?

तुम्ही विचारलंय की गुडघ्यांमुळे आईंचं बाहेर पडणं बंद झालंय, तर बॅटरीची व्हीलचेअर घ्यावी की हँडलची मोबिलिटी स्कूटर, आणि साताऱ्यात ती चालेल का. मी इथल्याच एका पेठेत राहते आणि रोज बॅटरीची खुर्ची चालवते. चालेल, नक्की चालेल. पण दुकानदार आधी सांगतो ते एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर. तुम्ही आधी विचारा, किती चढ चढते?

आपलं गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतरणीवर वसलेलं. राजपथ आणि खालचा रस्ता त्यातल्या त्यात बरे, पण या दोघांना जोडणाऱ्या गल्ल्यांमध्ये खुर्चीचा खरा कस लागतो. सांगलीच्या सपाट रस्त्यावर आरामात पळणारी हलकी खुर्ची इथे अर्ध्या चढात दमते. शिवाय चढावर बॅटरी भराभर उतरते, त्यामुळे कंपनीने सांगितलेले किलोमीटर धरून चालू नका.

चढापेक्षा उताराची भीती जास्त वाटते. जॉयस्टिक, म्हणजे हातापाशी असलेली खुर्ची चालवायची छोटी दांडी, सोडली की खुर्ची थांबते आणि ब्रेक आपोआप लागतो. गडबडल्यासारखं झालं की हात काढून घ्यायचा, हे आईंच्या अंगवळणी पडू द्या. वेग उतार लागायच्या आधीच सगळ्यात कमी करायचा आणि सरळ खाली यायचं, उतारावर आडवं वळायचं नाही. आणि एक फार महत्त्वाचं. खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून मोटर सुटी करायचा एक खटका असतो. तो फिरवला की तो आपोआप लागणारा ब्रेक राहत नाही. मदतीला आलेला माणूस भल्या मनानेच त्याला हात घालतो, म्हणून सोबत जाणाऱ्या प्रत्येकाला तो आधी दाखवून ठेवा.

स्कूटर मोकळ्या रस्त्याला छान, पण तिला वळायला जागा लागते आणि हँडल धरून नीट बसण्याइतकी ताकद हातात आणि पाठीत हवी. जुन्या वाड्याच्या बोळात आणि घरात मला खुर्चीच बरी वाटते. मात्र न्हाणीघराचा दरवाजा मोजून घ्या. बऱ्याच खुर्च्या ६० ते ६५ सेंटिमीटर रुंद असतात, तिथेच गाडं अडतं. उंबरा आणि पायरीसाठी रॅम्पचं प्रमाण १ ला १२ धरा, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांब रॅम्प. गवंडी "एवढा कशाला?" म्हणेल. ऐकू नका, आखूड रॅम्पवर खुर्ची मागे कलते.

गाडीत घालून न्यायची असेल तर लिथियम बॅटरीची घडीची घ्या, ती २५-३० किलोपर्यंत मिळते. लेड-ॲसिडवाली स्वस्त, पण वजनाला बरीच जड, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की ती बॅटरी खराब होते. पावसाळ्यात जॉयस्टिकवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायला विसरू नका, आपल्याकडची झड तुम्हाला माहीतच आहे.

सरकारी मदतीचं म्हणाल तर दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. पण मोटरवरची साधनं तीव्र दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी असतात. निव्वळ गुडघेदुखीवर ती मिळतील असं धरून खरेदी लांबवू नका.

हे सगळं कराच, असं मी मनापासून सांगते. घरच्यांनी आणलेली भाजी आणि आपण निवडलेली भाजी यात फार फरक असतो. मेथीची जुडी उलटी करून देठ बघायचे, नको वाटली तर परत ठेवायची, भाव करायचा, हे सगळं मला खुर्चीमुळे परत मिळालं. सकाळी गाड्यांची वर्दळ वाढायच्या आत निघते, मोती चौकापर्यंत जाऊन येते.

खुर्ची पसंत करायच्या आधी दुकानदाराला ती घरी आणायला लावा. तुमच्याच गल्लीच्या चढावर, आईंनाच चालवू द्या. तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.