अमेरिकेत कृष्णवर्णीय प्रोग्रामर आणि स्टार्टअप संस्थापक इतके कमी का?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील सॉफ्टवेअर कंपन्यांत भारतीय इतके दिसतात, तर कृष्णवर्णीय प्रोग्रामर आणि संस्थापक इतके थोडे का, आणि हा निव्वळ गुणवत्तेचा प्रश्न नाही का. तिथे काही वर्षे नोकरी केल्यानंतर माझे उत्तर ठाम नकाराचे आहे.

गूगलने २०१४ मध्ये कर्मचाऱ्यांची वांशिक आकडेवारी प्रथम जाहीर केली, तेव्हा तांत्रिक पदांवर आशियाई वंशाचे ३४ टक्के आणि कृष्णवर्णीय अवघे १ टक्का होते. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १३ टक्के आहेत. पण १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे आणि पुढे एच-वन-बी व्हिसावर तिथे पोहोचलेले आम्ही भारतीय आधीच चाळून निघालेले होतो: हाती पदवी, बहुतेकांच्या घरी शिकलेले आईवडील, आणि माझ्यासारख्या अनेकांना जातीमुळे आयती मिळालेली मोकळी वाट. अशा निवडक लोकांची तुलना एका संपूर्ण समाजाशी करून गुणवत्तेचा निवाडा देणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय गुणवत्तेचे दाखले आहेतच: कार्ट्रिज बदलून खेळता येणारा पहिला घरगुती व्हिडिओ गेम १९७६ मध्ये बाजारात आला तो जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या नेतृत्वाखाली, आणि आयबीएमच्या पहिल्या पीसीच्या मूळ नऊ पेटंटांपैकी तीन मार्क डीन या दुसऱ्या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या नावावर आहेत.

संस्थापकांच्या बाबतीत खरी अडचण भांडवलाची आहे. गुंतवणूकदार भेटेपर्यंत नवी कंपनी बहुधा स्वतःच्या बचतीवर आणि आप्तेष्टांनी दिलेल्या पैशांवर तग धरते. आणि फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबांची सुमारे ४५,००० डॉलर होती. या दरीमागे मोठा इतिहास आहे, कारण १९३० च्या दशकापासून सरकारी गृहकर्ज-व्यवस्थेनेच कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या ठरवल्या आणि मध्यमवर्गाची मुख्य मालमत्ता, म्हणजे स्वतःचे घर, त्यांच्यापैकी असंख्य लोकांच्या आवाक्याबाहेर ठेवली.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्नही सुखाने चालू दिले जात नाहीत, याचा मला संताप येतो. अटलांटातील फिअरलेस फंड ही गुंतवणूक संस्था केवळ कृष्णवर्णीय उद्योजिकांसाठी असलेले २०,००० डॉलरचे अनुदान देत असे. २०२३ मध्ये त्याविरुद्ध वांशिक भेदभावाचा दावा झाला, तोही १८६६ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे, म्हणजे नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्यांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेल्या कायद्याच्या आधारे! २०२४ मध्ये अपील न्यायालयाने अनुदान रोखले आणि त्याच वर्षी तडजोडीत ती योजना बंद झाली.

नोकरीच्या बाबतीत मात्र आपल्यासारख्यांच्या हातीही काही आहे. रिकाम्या जागांची माहिती आपण सहसा आपल्याच महाविद्यालयाच्या गटावर टाकतो आणि रेफरल, म्हणजे कंपनीत शिफारसही, तिथल्याच मुलांना देतो. ती माहिती हॉवर्डसारख्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठांतील पदवीधरांपर्यंत पोहोचवणे आणि त्यांच्यासाठी रेफरल देणे कोणालाही आजच सुरू करता येईल.