मॉलबाहेरची रांग का हटत नाही?

उपनगरांतल्या मोठ्या खरेदी संकुलांभोवतीच्या कोंडीबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : मॉलसमोरचा रस्ता दोनाऐवजी तीन मार्गिकांचा झाला, तरी सुटीच्या संध्याकाळी कोंडी तशीच होते. रस्ता आणखी रुंद करायला हवा का?

उत्तर : आधी रांगेचे तोंड कुठे आहे ते पाहा. बहुतेक वेळा ते रस्त्यावर नसतेच, पार्किंगच्या बूम बॅरिअरपाशी असते. गाडी थांबते, काच खाली होते, हात बटणापर्यंत पोहोचत नाही म्हणून दार उघडावे लागते, तिकीट निघते, मग दांडा वर जातो. दर गाडीमागे यात १० सेकंद धरले तर एका फाटकातून तासाला ३६० गाड्या आत जातात. त्या तासात ४२० आल्या तर ६० बाहेर उरतात. रांगेतली गाडी पुढच्या मोकळ्या अंतरासह साधारण साडेसहा मीटर जागा घेते, म्हणजे तासाभरात जवळजवळ ३९० मीटरची रांग लागली. समोर तीन मार्गिका असोत की पाच, तिच्यातली एकही गाडी त्याने कमी होत नाही.

येणाऱ्या गाड्या फाटकाच्या क्षमतेहून थोड्या कमी असल्या तरी रांग लागतेच, कारण त्या ठरावीक अंतराने येत नाहीत. कधी दोन मिनिटे कोणी नाही, कधी मागच्या सिग्नलवरून दहा एकदम. रांगांच्या साध्या गणिताप्रमाणे फाटक ८० टक्के व्यग्र असेल तर तिथे सरासरी ४ गाड्या असतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. मागच्या आठवड्यात सुरळीत असलेले दार या आठवड्यात थोड्याशा वाढीने तुंबते ते यामुळेच.

आता फाटक आणि रस्ता यांमधली जागा मोजा. ती ३० मीटर असेल तर चार गाड्या नीट मावतात, पाचवीची शेपटी रस्त्यावर येते. तिच्यामागे कडेची मार्गिका अडते. घाईतले लोक दुसऱ्या मार्गिकेतून पुढे जाऊन मध्ये घुसू पाहतात, मग तीही अडते. सरळ जाणाऱ्यांना एकच मार्गिका उरते. रुंदीकरणाचा खर्च अशा ठिकाणी गाड्यांना उभे राहायला जागा देण्यात जातो, आणि हे खरोखर वाईट आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे बॅरिअर आत सरकवणे. तो रॅम्पच्या उतारावर मात्र नको, सपाट जागेवर हवा. चढावर थांबून निघताना दर गाडीमागे आणखी काही सेकंद जातात. हे होईपर्यंत गर्दीच्या तासांत दांडा वरच ठेवावा, कर्मचाऱ्याने रांगेत मागे चालत जाऊन तिकिटे द्यावीत आणि पैसे निघण्यापूर्वी मजल्यावरच घ्यावेत. दुचाकींचे दार वेगळे असावे.

एवढे करूनही रांग राहिली तर आतला हिशेब करा. समजा ६०० जागा आहेत आणि गाडी सरासरी २ तास थांबते. पार्किंग भरल्यावर तासाला ३०० जागाच रिकाम्या होतात, मग फाटके चार असली तरी आत ३०० गाड्याच जाणार. अशा वेळी ‘पार्किंग भरले’ हा फलक दाराशी लावून काही साधत नाही, वळलेली गाडी तिथून जाणार कुठे? तो मागच्या चौकाच्या आधी हवा, जिथून दुसरी वाट धरता येते. शेवटची जागा भरेपर्यंत थांबूही नये. ८५-९० टक्क्यांपुढे गाड्या जागा शोधत घिरट्या घालू लागतात, पहिल्याच ओळीत कोणी निघणाऱ्याची वाट पाहत थांबतो आणि रॅम्प बंद होतो.

प्रश्न : मॉलकडे वळणाऱ्यांसाठी चौकातल्या सिग्नलला वेगळा हिरवा बाण दिला. त्यानंतर सगळ्यांचाच थांबण्याचा वेळ वाढला. असे का?

उत्तर : सिग्नलच्या एका फेरीत ज्यांना एकाच वेळी हिरवा मिळतो त्यांची पाळी म्हणजे एक टप्पा. दर टप्पा बदलताना काही सेकंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. पहिल्या गाडीला हलायला वेळ लागतो, शेवटची बाहेर पडेपर्यंत चौक रिकामा ठेवावा लागतो. दर टप्प्याला ४ सेकंद धरा. दोन टप्प्यांना ८ जातात, चार टप्प्यांना १६.

ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या वेबस्टर यांनी १९५८ मध्ये दिलेले सूत्र यासाठी आजही वापरतात. वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करून त्यात ५ मिळवायचे आणि १ वजा भार याने भागायचे, की सिग्नलच्या पूर्ण फेरीचा योग्य काळ मिळतो. भार काढताना प्रत्येक टप्प्यातली सर्वांत भरलेली मार्गिका घ्यायची, तिच्यावर तासाला येणाऱ्या गाड्यांना तासभर हिरवा असता तर गेल्या असत्या तितक्या गाड्यांनी भागायचे आणि हे आकडे बेरजेला धरायचे. भार ०.८ असेल तर दोन टप्प्यांना ८५ सेकंदांची फेरी पुरते, चार टप्प्यांना १४५ लागतात. नवा टप्पा बेरजेत स्वतःची भर घालतो. भार ०.९ झाला तर चार टप्प्यांची फेरी २९० सेकंदांवर जाते, आणि इतका वेळ लोक थांबतच नाहीत.

दुसरे नुकसान वळणाच्या राखीव मार्गिकेचे. तासाला १८० गाड्या वळत असतील तर ८५ सेकंदांच्या फेरीत सरासरी ४ जमतात, १४५ च्या फेरीत ७. चाळीस मीटरच्या मार्गिकेत ६ मावतात. सातवी सरळ जाणाऱ्यांच्या वाटेत उभी राहते आणि त्यांचा हिरवा दिवा रिकाम्या चौकाकडे बघत संपतो. मार्गिका सरासरीच्या दुप्पट गाड्यांसाठी, इथे ९० ते ९५ मीटर हवी. तेवढी जागा नसेल तर प्रवेश मागच्या किंवा बाजूच्या रस्त्यावरून द्यावा. बाण काढून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. समोरची वाहतूक ओलांडून वळणाऱ्यांना तो सुरक्षित असतो.

प्रश्न : दुभाजकातली मॉलसमोरची फट बंद केली. आता पुढे जाऊन यू-टर्न घ्यावा लागतो. हा वळसा कशासाठी?

उत्तर : फट बंद करणे बहुधा बरोबरच आहे. साध्या दुपदरी चौकात वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना छेदतात, मिळतात किंवा फुटतात. तिठ्यावर अशी ९ ठिकाणे असतात. दुभाजक सलग असेल तर फाटकापाशी फक्त २ उरतात, एक आत वळण्याचे आणि एक बाहेर येऊन मिसळण्याचे.

चूक बहुतेकदा यू-टर्नच्या जागेत असते. साध्या मोटारीला वळायला साधारण ११ मीटर लागतात. आपल्या मार्गिकेचे अडीच मीटर, दुभाजकाचे १.२ आणि पलीकडच्या दोन मार्गिकांचे ७ धरले तर १०.७ होतात. मोटार एका फेऱ्यात वळत नाही, मागे-पुढे करते, आणि तेवढा वेळ दोन्ही दिशा थांबतात. वळणासमोर पलीकडची कडा थोडी आत घेऊन रस्ता रुंद करावा, आणि वळणाऱ्यांसाठी अलीकडे वेगळी मार्गिका द्यावी.

प्रश्न : बसथांब्यावरून मॉलमध्ये चालत जाताना जीव मुठीत धरावा लागतो. काय मागावे?

उत्तर : तीन गोष्टी मागा. प्रवेशमार्गावर फुटपाथ तोडू नये, तो त्याच उंचीवर सलग न्यावा आणि गाडीने चढून यावे. वळणाचा कोपरा आवळावा, कारण ऐसपैस कोपऱ्यावर गाडी वेग न सोडता वळते. आणि पादचाऱ्यांचा हिरवा दिवा हळू चालणाऱ्याला पुरावा. १४ मीटर रस्ता सेकंदाला १.२ मीटरने १२ सेकंदांत पार होतो, पण सेकंदाला ०.९ मीटर चालणाऱ्या आजींना १६ लागतात.

प्रश्न : तक्रार केली की ‘गर्दी आहे, काय करणार’ असे उत्तर मिळते. पुरावा कसा द्यावा?

उत्तर : दोघांनी मिळून सर्वाधिक गर्दीचे दोन तास मोजणी करा, दर पंधरा मिनिटांचा आकडा वेगळा ठेवा. एकाने फाटकातून आत गेलेल्या गाड्या मोजाव्यात, दुसऱ्याने रांगेच्या शेपटीला नव्याने येऊन थांबणाऱ्या. फाटकावरचीच मोजणी बहुतेक जण देतात आणि तिथेच फसतात. तो आकडा फाटकाची क्षमता सांगतो, मागणी नाही. शेपटी मागे सरकली की दुसऱ्यानेही मागे सरकायचे. वीस-पंचवीस गाड्यांना फाटकावर लागलेले सेकंद लिहा, फाटक ते रस्ता हे अंतर टेपने मोजा, आणि दर पंधरा मिनिटांनी शेपटीचा फोटो एखाद्या विजेच्या खांबासह घ्या, म्हणजे रांगेची लांबी नंतर मोजता येते. अर्जात मागणी एकच ठेवा, जसे ‘बॅरिअर अमुक मीटर आत घ्यावा’, आणि बांधकामाच्या मंजूर नकाशात तो कुठे दाखवला होता त्याची प्रत मागा.