१५ नोव्हेंबरच्या निमित्ताने

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

देशातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक असलेल्या कॉर्नेलिया सोराबजींच्या जयंतीला कोर्टाच्या बाररूममध्ये त्यांची तसबीर लावायची, असं तू कळवलंस. जरूर लाव. त्या आपल्या नाशिकच्या, जन्म १८६६चा. पण वकिलीची सनद मिळून तुला जेमतेम सहा महिने झालेत, म्हणून आणखी थोडं लिहिते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या आल्या, पण विलायतेची शिष्यवृत्ती मिळाली नाही, कारण त्या बाई होत्या. तरी त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली तिथे कायद्याची परीक्षा दिली. तेव्हा ऑक्सफर्ड बायकांना पदवी देत नसे, म्हणून पदवी हातात पडली १९२२ला. बायकांना वकिली खुली करणारा कायदा १९२३चा. मधली तीस वर्षं त्या दार उघडायची वाट पाहत बसल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. १९०४पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये, म्हणजे विधवा आणि अज्ञान वारसांच्या मिळकती सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, त्यांनी पडदानशीन बायकांची कामं पाहिली. विधवेच्या नावावर जमीनजुमला असायचा, पण परक्या पुरुषासमोर तिला येता येत नसे. मग कारभारी सांगेल तेच खरं, आणि तो दाखवेल तिथे अंगठा. कॉर्नेलियाबाई थेट माजघरात जायच्या, तिच्याजवळ बसून तिचं ऐकायच्या.

इंग्रजी राज्याबद्दलची त्यांची मतं मला पटत नाहीत. स्वातंत्र्य चळवळीला त्यांचा विरोध होता. तुला कुणी हे ऐकवलं तर नाकारू नकोस. ते खरंच आहे.

आता आपल्याकडचं. तुझ्याकडे हक्कसोडपत्रं, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचे दस्त, येतील. भाऊ गाडी करून बहिणींना घेऊन येतो, साक्षीदार तयार, सातबारा तयार, दुय्यम निबंधकांकडची वेळही ठरलेली. महाराष्ट्रात १९९४पासून आणि देशभर २००५पासून हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हिस्सा मुलाच्या बरोबरीचा आहे, पण त्या गाडीत हे कुणी बोललेलं नसतं. सुरुवातीच्या काळात मीही असा एक दस्त न वाचून दाखवता सही करून घेतला होता. चार वर्षांनी ती बाई नवऱ्याचं घर सोडून आली आणि म्हणाली, "ताई, मला वाटलं वारसनोंदीची सही आहे." तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणून भावाला बाहेर बसव. बहिणीला पाणी दे. दस्त तिच्या बोलीत वाच, हिस्सा गुंठ्यांत सांग, मग तिलाच विचार की यात काय लिहिलंय. तिला नीट सांगता आलं नाही तर त्या दिवशी सही नको. सारं समजून तिने हक्क सोडला, तर तो तिचा निर्णय. त्यात आपण पडायचं नाही. पडदानशीन आणि निरक्षर बाईच्या दस्ताबाबत कोर्टंही हेच विचारत आली आहेत: तिला समजलं होतं का?

पक्षकार रागावेल, एखादा दस्त दुसऱ्या वकिलाकडे जाईल. जाऊ दे.

तसबिरीचा खर्च मी देते. शुक्रवारी दुपारी ये. माझ्याकडे तीन बहिणींचा एक दस्त आहे, त्या दिवशी वाचून दाखवायचं काम तुझं.

तुझी,
वकीलताई