घरात सगळं लॅन केबलवर आहे, नवीन लॅपटॉप त्याच नेटवर्कला वायरलेस कसा जोडू?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं की हॉलमधे नेटचा राउटर आहे, तिथून केबल टाकून दोन पीसी आणि एक प्रिंटर जोडलाय आणि आता घेतलेल्या लॅपटॉपला लॅनचं पोर्टच नाहीये. आणि तुम्हाला नुसतं नेट नकोय, लॅपटॉपवरून प्रिंट निघायला पाहिजे, पीसीवरच्या फाइली उघडायला पाहिजेत. हा दुसरा भाग नीट लक्षात ठेवा, कारण दुकानदार "एक राउटर लावा की झालं" म्हणतो तेव्हा तो फक्त नेटबद्दल बोलत असतो.

आधी एक रुपया खर्च न करता नेटवाल्याने दिलेला डबा उलटा करून खालचं स्टिकर वाचा. फायबर कनेक्शनच्या डब्यात बऱ्याचदा वायफाय असतंच, फक्त कुणीतरी बंद करून ठेवलेलं असतं किंवा पासवर्ड कुणाला माहीत नसतो, आणि तो त्या स्टिकरवरच छापलेला असतो. तसं असेल तर लॅपटॉप त्या वायफायला जोडा, काम संपलं, पुढचं वाचू नका.

नसेल, किंवा आमच्यासारखं रेंजचं रडगाणं असेल, तर मी काय केलं ते सांगतो. आमचं घर रत्नागिरीकडचं, जुनं, जाडजूड चिऱ्याच्या भिंती. ओटीवरच्या राउटरचं वायफाय माजघर ओलांडलं की एका दांडीवर येतं आणि मागच्या खोलीत तेही नाही. पण मागच्या खोलीत पीसीसाठी केबल आधीच आलेली होती. मग माळ्यावर पडलेला जुना राउटर काढला, ती केबल त्याच्या निळ्या पोर्टमधे खोचली, वायफाय आलं, यूट्यूब चाललं, मी खूष.

दोन दिवसांनी बाबांना रेल्वेचं तिकीट प्रिंट करायचं होतं तर लॅपटॉपमधे प्रिंटरच दिसेना. ड्रायव्हर दोनदा टाकला, प्रिंटर बंद-चालू करून झाला, शेवटी कमांड प्रॉम्प्टमधे आयपीकॉन्फिग (ipconfig, मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड) मारलं तेव्हा ट्यूब पेटली. पीसीचा पत्ता १९२.१६८.०.१०४ आणि लॅपटॉपचा १९२.१६८.१.१००. तो तिसरा आकडा बघा, ० आणि १. म्हणजे एकाच घरात मधे भिंत घालून दोन बिऱ्हाडं झाली होती. आमच्या राउटरचं निळं पोर्ट म्हणजे वॅन, बाहेरचं नेट आत घ्यायचं पोर्ट, त्यात केबल घातली की दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो, लॅपटॉपला बाहेर जायचा रस्ता मिळतो पण पलीकडच्या बिऱ्हाडात कोण राहतं ते दिसत नाही.

तर दुसऱ्या राउटरला राउटर राहू द्यायचं नाही, त्याला नुसता वायफायचा डबा करायचा. बऱ्याच नवीन राउटरच्या सेटिंगमधे 'अॅक्सेस पॉइंट मोड' असा सरळ पर्याय असतो, तो निवडा आणि सुटा. जुन्यात हाताने करावं लागतं आणि त्यात क्रम महत्त्वाचा आहे. मागचं रिसेटचं भोक पिनने दहाएक सेकंद दाबून ठेवा, मग मेन नेटवर्कला न जोडता पीसी केबलने फक्त या राउटरला जोडा आणि ब्राउझरमधे त्याच्या स्टिकरवरचा पत्ता टाकून त्याचं सेटिंगचं पान उघडा. आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड टाका, सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवा, अॅडमिनचा पासवर्डही बदला. मग लॅन सेटिंगमधे त्याचा स्वतःचा पत्ता बदला, म्हणजे मेन राउटर १९२.१६८.०.१ असेल तर याला १९२.१६८.०.२ द्या (टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे). तो रिस्टार्ट होईल, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटणारा, आणि घरात पत्ते वाटणारा एकच पाहिजे, दोघांनी वाटले की कधी नेट चालेल कधी नाही आणि तुम्ही नेटवाल्याला शिव्या घालत बसाल. हे आधी बंद केलंत तर पीसीला पत्ताच मिळणार नाही आणि पान उघडायला आणखी खटपट, म्हणून शेवटी.

आता मेन राउटरकडून आलेली केबल लॅन पोर्टपैकी (आमच्याकडे पिवळी) कुठल्याही एकात, निळं वॅन पोर्ट रिकामं. उरलेल्या लॅन पोर्टमधे तुमचा पीसी परत जोडता येतो, वेगळा स्विच नको. लॅपटॉप वायफायला जोडून परत आयपीकॉन्फिग मारा, तिसरा आकडा जुळला की जिंकलात. तरीही पीसी दिसत नसेल तर विंडोजमधे नेटवर्क 'पब्लिक'वर असतं ते 'प्रायव्हेट' करा, निम्म्या वेळा तिथेच अडतं.

पीसीवरून मोबाइल हॉटस्पॉट चालू करा असंही कुणी सांगेल. त्यात लॅपटॉपला १९२.१६८.१३७ वाला पत्ता मिळतो, म्हणजे परत वेगळं बिऱ्हाड, शिवाय पीसी सतत चालू पाहिजे. आणि लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन कन्व्हर्टर घ्या, स्वस्त पडतो आणि वरचं काहीच करावं लागत नाही.

केबलबद्दल एक. जुन्या राउटरची पोर्टं बऱ्याचदा १०० एमबीपीएसचीच असतात, तुमचा प्लॅन त्याच्या वरचा असेल तर वायफायवर तो पूर्ण मिळणार नाही. पण आमच्याकडे राउटर गिगाबिटचा (१००० एमबीपीएस) असूनही स्पीड ९५ च्या आत अडकला होता, कारण ज्याने केबलच्या टोकाला आरजे४५ कनेक्टर दाबून बसवला होता त्याने आठातल्या चारच तारा आत घातल्या होत्या, बाकीच्या चार कापून टाकलेल्या. शंभरला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. पारदर्शक कनेक्टर उजेडात धरून बघा, केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी, हा क्रम दोन्ही टोकांना दिसायला पाहिजे.

आणि केबल अंगणातून किंवा पत्र्यावरून नेली असेल तर विजा चमकायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, केबल पण राउटरमधून काढून ठेवायची. आम्ही एकदा ती काढली नाही, मेन राउटरचं चौथं पोर्ट तेव्हापासून मेलेलंच आहे, बाकीची तीन चालू आहेत.